कशेडी घाटातील तांबडा थर आणि क्रिटेशसची सीमा

कशेडी घाटातील डोंगरकापणीत दोन काळ्या पाषाणांच्या मध्ये हातभर जाडीचा विटकरी थर दिसतो. तो डायनोसॉर नष्ट झाले त्या, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या क्रिटेशस-पॅलिओजीन सीमेचा आहे का, असे आपण विचारले आहे. आपण पाठवलेल्या छायाचित्रावरूनही मी नाही असेच म्हणेन, आणि ते रंगावरून नव्हे, थराच्या खालच्या कडेवरून. वरच्या बेसॉल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या पाषाणाची, तळरेषा स्पष्ट असून तिच्या लगतची माती भाजून अधिक लाल झाली आहे. खाली मात्र माती हळूहळू भुसभुशीत बेसॉल्टमध्ये मिसळते, आणि त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोटे व झिओलाइट या पांढऱ्या खनिजाने भरलेल्या वायूच्या पोकळ्या अजून ओळखू येतात. म्हणजे ही माती बाहेरून येऊन साचलेली नाही, दोन उद्रेकांच्या मधल्या काळात खालचाच लाव्हा कुजून ती झाली आहे. असे थर सह्याद्रीत अनेक पातळ्यांवर आहेत. प्रत्येकाला सीमा मानायचे तर सीमांची गर्दीच होईल.

खरी सीमा ओळखण्यासाठी आधी खंड न पडता साचलेला गाळ लागतो, शक्यतो समुद्रातला. मुख्य पुरावा सूक्ष्म जीवाश्मांचा असतो: ग्लोबोट्रंकानासारखे मोठे, नक्षीदार फोरॅमिनिफेरा (कवच असलेले एकपेशीय सागरी जीव) एकाएकी दिसेनासे होतात आणि त्यांच्या जागी अगदी लहान, साध्या कवचांच्या जाती येतात. त्याच पातळीवर इरिडियम (पृथ्वीच्या कवचात विरळ, पण अशनींत अधिक आढळणारा धातू) वाढलेले, क्वार्ट्झच्या कणांवर अशनीच्या आघाताच्या समांतर रेषा उमटलेल्या आणि कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण बदललेले आढळले, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. इटलीतील गुब्बिओ येथील मातीच्या पातळ थरात इरिडियम नेहमीच्या सुमारे ३० पट असल्याचे लुइस व वॉल्टर अल्वारेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवले. मात्र एकट्या इरिडियमवर विसंबू नये, कारण गाळ फार सावकाश साचला तरीही ते एकवटू शकते. मोठ्या प्राण्यांच्या हाडांबाबत तर अधिकच सावध राहावे: जीवाश्म विरळ असल्याने त्यांतला शेवटचा नमुना सहसा प्रत्यक्ष लोपाच्या खालीच सापडतो, आणि अचानक झालेला विनाश त्यामुळे संथ भासतो.

कोकणात या सीमेच्या दोन्ही बाजूंचा असा सलग सागरी गाळ उघडा दिसत नाही. सिंधुदुर्गातील कलादगी गटाचे वालुकाश्म कितीतरी जुने आहेत, जांभा पुष्कळ नंतरचा आहे, आणि बेडकांच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध असलेले वरळीचे गाळाचे थरही सीमेनंतरचे, पॅलिओसीन काळातले मानले जातात. भारतात ही सीमा सागरी गाळात पाहायची असेल, तर मेघालयातील उम सोहरिंगक्यू नदीकाठचा छेद पाहावा.

तरीही आपला थर टाकाऊ नाही. दख्खनचे उद्रेक त्या सीमेच्या आगेमागे चालू होते, त्यामुळे सीमेचा क्षण लाव्हाच्या या राशीतच कुठेतरी आहे; तो कालमापनाने आणि खडकातील चुंबकत्वाच्या दिशेवरून शोधावा लागतो. अशाच काही तांबड्या थरांतून ज्वालामुखी राखेतले झिर्कॉन या खनिजाचे कण वेगळे करून युरेनियम-शिसे पद्धतीने उद्रेकांचा काळ ठरवला गेला आहे. नमुना घ्यायचाच असेल, तर भाजलेल्या वरच्या पट्टीचा व खालच्या मातीचा वेगवेगळा घ्यावा, आणि दोन्ही प्रवाहांची समुद्रसपाटीपासूनची उंची पिशवीवर लिहून ठेवावी.