‘तर’ कुठे आहे ते बघ

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

एस.वाय.ला लिनिअर अल्जिब्रा घेतलास आणि पहिले तीन आठवडे ‘एकदम सोपं चाललंय’ असं कळवलंस. ते वाचून मला आनंद व्हायच्या ऐवजी काळजीच वाटली. हा विषय सुरुवातीला बारावीच्या मॅट्रिक्सची, म्हणजे आकड्यांच्या चौकटींची, उजळणी वाटतो. ओळी वजा करा, शून्यं आणा, उत्तर लिहा. मग एके दिवशी फळ्यावर व्हेक्टर स्पेसची, म्हणजे ज्यांची बेरीज करता येते आणि ज्यांना आकड्याने गुणता येतं अशा व्हेक्टरांच्या संचाची, व्याख्या येते, अटींची ही लांबलचक रांग, आणि मागच्या बाकांवरचीही कुजबुज थांबते. तिथून पुढे नुसती आकडेमोड कामाला येत नाही.

मी तिथेच आपटलो होतो. परीक्षेत लिनिअर इंडिपेंडन्सची, म्हणजे कुठलाच व्हेक्टर बाकीच्यांतून बनत नाही या गुणाची, व्याख्या विचारली होती. त्यात व्हेक्टरांना एकेका आकड्याने, म्हणजे सहगुणकाने, गुणून बेरीज करायची असते. मी झोकात लिहिलं, ‘सगळे सहगुणक शून्य घेतले तर बेरीज शून्य येते.’ अगं, सहगुणक शून्य घेतल्यावर बेरीज शून्य यायला जगातले कुठलेही व्हेक्टर चालतील! खरी गोष्ट उलटी आहे. बेरीज शून्य आली, तर सहगुणक शून्यच असले पाहिजेत, दुसरी वाटच नाही. पुढे शिकवायला लागल्यावर दर वर्षी पेपर तपासताना हीच चूक भेटायची, जुना ओळखीचा माणूस भेटावा तशी. म्हणून व्याख्येतले शब्द घोकत बसू नकोस. ‘तर’च्या अलीकडे काय आहे नि पलीकडे काय, ते पक्कं कर. आणि प्रत्येक व्याख्येखाली तिच्यात बसणारं एक आणि न बसणारं एक अशी दोन उदाहरणं स्वतःची लिही. न बसणारं शोधताना जास्त शिकशील.

आता एक कागद घे. पहिल्या ओळीत १, २, ३. दुसरीत ४, ५, ६. तिसरीत ७, ८, ९. दुसरीतून पहिली वजा केलीस की ३, ३, ३. तिसरीतून दुसरी वजा केलीस तरी ३, ३, ३. म्हणजे एक ओळ फुकटची, रँक (खऱ्या कामाच्या ओळींची संख्या) २. इथपर्यंत सगळी मुलं येतात आणि पान उलटतात. तू थांब. आता उभे स्तंभ बघ. पहिला आणि तिसरा मिळवलास की मधल्याची दुप्पट होते: १ आणि ३ चार, ४ आणि ६ दहा, ७ आणि ९ सोळा. हेच वाक्य सहगुणकांत लिही: (१, −२, १). ज्या सहगुणकांनी स्तंभांची बेरीज शून्य होते त्या सगळ्यांचा संच म्हणजे नल स्पेस; या मॅट्रिक्सची नल स्पेस म्हणजे ह्या एका व्हेक्टरच्या पटी, बस. नल स्पेस म्हणजे स्तंभांची आपापसातली नाती. मला हे कळायला एम.एस्सी. उजाडलं. तोवर मी नल स्पेस बिनचूक काढत होतो, पण ती काय चीज आहे ते ठाऊक नव्हतं.

निश्चयकाच्या, म्हणजे तुमच्या डिटरमिनंटच्या (चौरस मॅट्रिक्समधून निघणाऱ्या एका आकड्याच्या), फार प्रेमात पडू नकोस. मॅट्रिक्स हा शब्द इंग्रज गणितज्ञ सिल्व्हेस्टरने १८५० साली गणितात आणला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गर्भाशय, कारण त्याच्या मते तिच्या पोटातून निश्चयक जन्म घेतात. इतिहासात मात्र लेकरं आधी आली आणि आई मागून! पण २० बाय २० चा निश्चयक व्याख्येप्रमाणे उलगडायला गेलीस तर सुमारे २४ वर १७ शून्यं एवढी पदं होतात. सेकंदाला अब्ज पदं मोजणारं यंत्र दिलं तरी पंचाहत्तरहून जास्त वर्षं लागतील. तेच काम ओळी वजा करत गेलीस तर तीन हजारांच्या आत गुणाकार-भागाकारांत होतं. शिवाय निश्चयक शून्य आला तर काहीतरी हरवलंय एवढंच कळतं. किती हरवलंय ते रँक सांगते.

कॉम्प्युटरवर ताळा जरूर कर, पण हाताने केल्यावर. वरचीच मॅट्रिक्स त्याला दिलीस तर निश्चयक म्हणून तो अनेकदा शून्याऐवजी दशांशचिन्हापुढे पंधरा शून्यं असलेला भलताच आकडा दाखवतो. ज्याला आतलं नातं माहीत नाही, तो त्यावर विश्वास ठेवून मोकळा होतो.

बाकी किरकोळ. कुठली ओळ कितीपट करून वजा केली ते बाजूला लिहीत जा, मी अजून लिहितो. तास बुडवायचाच असेल तर दुसऱ्या कुठल्या विषयाचा बुडव (हे आईला दाखवू नकोस).

आता त्या कागदावरच्या ९ च्या जागी १० लिही. ओळी, स्तंभ, रँक, नल स्पेस सगळं पुन्हा काढ आणि काय काय बदललं ते मला चार ओळींत लिहून पाठव. फोन करू नकोस, फोनवर मला तुझी खाडाखोड दिसत नाही.

तुझे,
सर