‘पार्लानो’त जोर कुठे द्यायचा?

प्रश्न : इटालियनमध्ये ‘पार्लिआमो’ (आम्ही बोलतो) म्हणताना जोर ‘आ’वर येतो, म्हणून मी ‘पार्लानो’ (ते बोलतात) म्हणतानाही ‘ला’वर जोर देते. बाई दर वेळी अडवतात. शिवाय ‘कापीस्को’ (मला समजतं) कसं तोडायचं?

उत्तर : बाईंचं बरोबर आहे. पार्-ला-नो, आणि जोर ‘पार्’वर. मी शिकवताना एकच युक्ती सांगतो : आधी ‘तो’चं रूप म्हणा, मग जोर जागचा न हलवता मागे नुसतं ‘नो’ चिकटवा. पार्ला, पार्लानो. आबिता (राहतो), आबितानो : इथे जोर थेट शेवटून चौथ्या अक्षरावर, पहिल्या ‘आ’वर, आणि उरलेली तीन अक्षरं भरभर. सुरुवातीला जीभ अडखळतेच, अडखळू द्या. अपूर्ण भूतकाळातही युक्ती चालते. पार्लावा, पार्लावानो, दोन्हीकडे ‘ला’वर.

‘कापीस्को’ लिहिताना का-पी-स्को असं तुटतं, कारण ‘स’पुढे व्यंजन आलं की तो पुढच्या अक्षरात जातो. द्वित्त मात्र मधोमध फुटतं : लेग्-गो-नो (ते वाचतात).

मूळ क्रियापदांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. ‘वेदेरे’त (पाहणे) जोर मधल्या ‘दे’वर, ‘लेज्जेरे’त (वाचणे) पहिल्या ‘लेज्’वर. शेवट दोन्हींचा सारखाच, आणि आघातचिन्ह सहसा शेवटच्या अक्षरावर जोर असेल तरच लिहितात. त्यामुळे स्पेलिंगकडे बघून काही कळत नाही, शब्दकोश उघडा.