२० किलोची सॅक: पट्टे आवळण्याआधी पाठ मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मामेभावाने अमेरिकेतून शिकाऱ्यांची फ्रेमवाली सॅक पाठवली आहे. डिसेंबरात अलंग-मदन-कुलंग या तीन किल्ल्यांचा तीन दिवसांचा बेत आहे आणि तुमच्या वाट्याला २० किलो येतंय. नाशिकच्या पांडवलेणीवर सरावाला गेलात तर वर पोचायच्या आत खांदे भरून येतात, कंबरपट्टा पोटावर सरकतो आणि डाव्या हाताला मुंग्या येतात. सगळे पट्टे आवळून झाले, फरक नाही. तुमचं वजन ५८. शेवटी हेही विचारलंय की हीच सॅक बहिणीला चालेल का.

पट्टे आवळून फरक पडणारच नाही. तुम्ही लिहिलंय की खांद्यावरच्या त्या छोट्या पट्ट्या, म्हणजे लोड लिफ्टर, जवळजवळ आडव्या दिसतात. तिथेच निदान झालं. सॅकची पाठ तुमच्या पाठीपेक्षा आखूड लावलेली आहे. ती आखूड असली की खांद्याचे पट्टे वरून खाली दाबतात आणि कंबरपट्ट्याला हाडावरून उचलून पोटावर आणतात. मग कंबर रिकामी राहते आणि सगळं वजन खांद्यांवर लटकतं. अशा वेळी लोड लिफ्टर जितका ओढाल तितका खांदा आणखी चेपला जातो. आधी पाठ, मग कंबर, मग खांदे. हा क्रम मोडला तर उत्तम सॅकसुद्धा गोणीसारखी छळते.

मुंग्यांबद्दल वेगळं सांगतो, कारण बरेच जण तिकडे 'होईल सवय' म्हणून बघतात. मानेतून हातात जाणाऱ्या नसांचा जुडगा गळपट्टीच्या हाडाखालून जातो. खांद्याचा पट्टा तिथे तासन्‌तास दाबला गेला तर आधी मुंग्या येतात, मग पकड ढिली होते, आणि काही जणांचा खांदा-दंड कित्येक आठवडे अशक्त राहिल्याची उदाहरणं वैद्यकीय पुस्तकांत आहेत. सैनिकांमध्ये हे जास्त दिसतं. मुंग्या आल्या की थांबा, सॅक उतरवा. पट्ट्यांची मांडणी बदलूनही त्या येत राहिल्या तर ट्रेकच्या आधी डॉक्टरांना दाखवा. मदनच्या कातळावर पकड ढिली झालेला हात घेऊन जायचं नाही.

आता सॅकबद्दल. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे अशी सॅक इथल्या दुकानांत दिसत नाही. पण ती बनवलेली असते हमालीसाठीच. तिकडचे शिकारी एल्कसारखं (तिकडचं मोठं हरीण) जनावर मारल्यावर त्याचं मांस पाठीवरून गाडीपर्यंत आणतात, आणि एका खेपेला ३०-४० किलो उचलणं त्यांना नवीन नाही. म्हणून फ्रेम ताठ असते आणि मुख्य पिशवी फ्रेमपासून सुटी होते. पिशवी आणि फ्रेम यांच्या मध्ये जी जागा उघडते तिथे मांसाची पोती बांधतात. तुम्हाला मांस न्यायचं नाही, पण ती जागा सोन्यासारखी आहे. तिचं पुढे सांगतो.

कंबरेवर वजन घेण्याची आजची पद्धत फार जुनी नाही. १९५२ साली कॅलिफोर्नियात डिक केल्टीने अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमच्या सॅक बनवून विकायला सुरुवात केली. त्याआधी एका भटकंतीत फ्रेमच्या नळ्यांची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोचून पाहिली होती आणि खांद्यांवरचा भार एकदम हलका झाला होता. आजचा जाडजूड कंबरपट्टा म्हणजे त्या खिशांचाच वाढलेला अवतार.

पाठ मोजायला शिंप्याची टेप आणि घरातलं कुणीतरी हवं. मान पुढे वाकवा. मानेच्या तळाशी जे हाड सगळ्यांत जास्त वर येतं तिथे टेपचं एक टोक. दोन्ही हात कमरेवर असे ठेवा की अंगठे मागे येतील आणि तळवे कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकतील. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा जिथे मणक्याला छेदते तिथे दुसरं टोक. टेप मणक्याच्या वळणावरून जाऊ द्या, हवेत ताणू नका. मोठ्या माणसांत हे माप साधारण १६ ते २० इंचांत येतं. तुमच्या उंचीवरून अंदाज बांधू नका. सहा फुटी माणसाची पाठ आखूड आणि पाय लांब असू शकतात.

त्या मापाला खांद्याचे पट्टे फ्रेमवर सरकवायचे. काही सॅकना शिडीसारखे टप्पे असतात, काहींना रुंद वेल्क्रो. वेल्क्रो हाताने उचकटायला गेलात तर नखं जातील. प्लॅस्टिकची फूटपट्टी किंवा जुन्या फाइलचं कव्हर मधे सरकवा, मग हवं तिथे न्या आणि कव्हर काढून घ्या. दोन्ही बाजू एकाच उंचीवर आहेत ना, हे टेपने तपासा, डोळ्यांनी नाही.

फ्रेमची उंची हा वेगळा मुद्दा आहे आणि लोक तो विसरतात. लोड लिफ्टर फ्रेमच्या वरच्या टोकाकडून खाली खांद्याच्या पट्ट्याकडे तिरपा यायला हवा, साधारण ४५ अंशांत. ३० ते ६०च्या मध्ये कुठेही चालतो. त्यासाठी फ्रेमचं टोक तुमच्या खांद्याच्या बरंच वर, चारेक इंच तरी, असावं लागतं. शिकारी सॅकना त्यासाठी वरून जोडायच्या कांड्या मिळतात. भावाला विचारा, सोबत आल्यात का.

फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतील तर त्या पाठीच्या वळणाप्रमाणे थोड्या वाकवता येतात. बाहेर काढा, मांडीवर धरून हळूहळू दाबा, पाठीला लावून बघा, पुन्हा दाबा. एकाच जागी कोन पाडू नका, तिथेच ती मोडते. फ्रेम कार्बनची असेल तर हा उद्योग अजिबात करू नका.

आता कंबर, आणि सगळी मेख इथेच आहे. सॅक भरून ठेवा. रिकाम्या सॅकवर केलेली जुळवाजुळव २० किलोवर काही कामाची नाही, फोम दबतो, कापड ताणतं, सगळं एक-दीड इंच खाली येतं. सरावाला पाण्याचे कॅन भरा. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब सोपा. पांडवलेणीच्या माथ्यावर पोचल्यावर पाणी झाडांना घाला आणि रिकामे कॅन घेऊन उतरा, गुडघे दुवा देतील. (रामशेज किल्ल्यावर गेलात तरी हेच करा.)

सगळे पट्टे सैल करा आणि सॅक अंगावर घ्या. थोडं पुढे वाका, खांदे उडवून सॅक वर फेका आणि ती वर असतानाच कंबरपट्टा लावा. पट्ट्याच्या रुंदीचा मध्य कमरेच्या हाडाच्या कडेवर यायला हवा. बक्कल बेंबीच्या जरा खाली येतं. पोटावर नको, मांड्यांवर नको. घट्ट म्हणजे खरंच घट्ट, पुढे चालताना श्वास लागेल असं वाटेपर्यंत. मग सरळ उभे राहा. या क्षणी खांद्याचे पट्टे सैल असूनही वजन उभं राहिलं पाहिजे. नाही राहिलं तर पुढे जाऊ नका, पट्ट्याची जागा पुन्हा बघा.

तुमचं वजन पाहता एक शंका आहे. पट्ट्याचे दोन्ही गुबगुबीत भाग समोर एकमेकांना टेकतात का? टेकत असतील तर पट्टा तुम्हाला मोठा आहे आणि कितीही ओढला तरी आवळणार नाही. मधे तीन-चार बोटं अंतर हवं. खरा उपाय लहान मापाचा पट्टा. तो येईपर्यंत कॅरीमॅटचा (झोपायच्या फोमच्या चटईचा) हातभर तुकडा कमरेच्या मागच्या गादीवर आतून लावा, घेर भरून निघतो. दुसरं, जीन्सवर चामडी बेल्ट लावून जाऊ नका. त्याचं बक्कल आणि मागच्या खिशातलं पाकीट नेमकं पट्ट्याखाली येतं. नाडीची ट्रॅकपँट बरी. आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आला तर पट्टा फार खाली किंवा फार आवळलाय असं समजा, तिथूनही एक नस जाते.

कंबर बसली की खांद्याचे पट्टे फक्त अंगाला टेकेपर्यंत ओढा. ते खांद्याला पुढून-मागून वेढतील, वरून दाबणार नाहीत. मग लोड लिफ्टर, जेमतेम ताण येईल इतकेच. मग छातीचा पट्टा, गळपट्टीच्या हाडाखाली दोन-तीन बोटांवर. शेवटी खांद्याचे पट्टे अर्धा इंच सैल सोडा. वजन 'धप्' करून कंबरेवर उतरल्याचं कळतं. खांद्याच्या माथ्यावर पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली की जमलं.

हे एकदा जमलं की दिवसभर तसंच राहील असं मात्र नाही. तासाभरात पट्टा सरकतो, कंबर दुखते. मग दहा मिनिटं खांद्यांवर जास्त घ्या, पुन्हा कंबरेवर. चढावर लोड लिफ्टर थोडे सैल बरे वाटतात, उतारावर जवळ ओढलेले बरे. सरावलेले लोक चालता चालता न थांबता हे करत असतात, बघणाऱ्याला कळतही नाही.

भरण्याबद्दल. जड वस्तू पाठीला चिकटून, खवाट्यांच्या उंचीला. बाहेरच्या खिशात पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या लटकवल्या तर वजन तेवढंच राहतं पण सॅक मागे ओढते. इथे ती मांसाची जागा कामाला येते. तांदूळ-डाळीचा शिधा एका लांबट पिशवीत भरून फ्रेमला टेकवून बांधा, शेजारी दोर. १०.५ मिलीमीटरचा ५० मीटर दोर साडेतीन किलोच्या आसपास जातो आणि तो नरम असतो, पाठीला टोचत नाही. पण बांधलेलं ओझं खाली घसरू नये म्हणून तळाचा पट्टा आधी आवळा, मग बाजूचे. पिशवीत स्लीपिंग बॅग आणि कपडे.

कातळटप्प्यांच्या दिवशी मात्र हेच वजन एक वीत खाली आणा. उंच सॅक आडव्या वाटेवर तोल घालवते, आणि फ्रेमची वरची टोकं हेल्मेटला अडून मान वर करता येत नाही. दोर कुठे लावलाय ते न दिसणं चांगलं नव्हे. जोडलेल्या कांड्या त्या दिवशी काढून टाका. दोराच्या टप्प्यांवर सॅक अंगावर घेऊ नका, मागून ओढून घ्या. ओढताना कंबरपट्टा उलटा फिरवून सॅकभोवती बांधा, नाहीतर तो प्रत्येक खाचेत अडकतो. आणि दोर फक्त सॅक उचलायच्या वरच्या बंदाला लावू नका. खांद्याच्या दोन्ही पट्ट्यांच्या मुळातून स्लिंग (पट्टीचा फास) घालून मग कॅरॅबिनर (उघडझाप होणारी कडी) लावा.

रंगाबद्दल एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. झाडीच्या छपाईची सॅक गवतात ठेवली की दहा पावलांवरून दिसत नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत शिकाऱ्यांना भडक नारिंगी कपडे घालावे लागतात, ते एकमेकांना दिसावेत म्हणून. तुम्ही निदान नारिंगी रेनकव्हर चढवा.

आता न आवडणारी गोष्ट. ५८ किलोच्या माणसाला २० किलो म्हणजे अंगाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. ट्रेकर साधारण पाव हिश्श्याच्या आत राहायला बघतात, म्हणजे तुमचे १४-१५. सॅक कितीही नीट बसली तरी गुडघ्यांना पूर्ण वीसच लागतात. यादी पुन्हा बघा. तिन्ही गडांवर पाण्याची टाकी आहेत, कुलंगवर तर टाक्यांची रांगच आहे, आणि डिसेंबरात पाणी असतं. पायथ्याच्या आंबेवाडीत गावकऱ्यांना विचारून घ्या, तीन लिटर घेऊन निघा, वर भरून उकळून प्या. तिघांत तीन स्टोव्ह, प्रत्येकाचा वेगळा चाकू-टॉर्च-औषधं असला प्रकार असतोच, तो काढा. आंबेवाडीतून वाटाड्या घेणार असाल तर सामानाचा वाटाही ठरवून, योग्य पैसे देऊन त्यांच्याकडे सोपवता येतो. त्यात कमीपणा काही नाही.

बहिणीला चालेल का? पाठीचं माप फ्रेमच्या सगळ्यांत खालच्या टप्प्यात बसत असेल तर चालेल. बायकांची पाठ सरासरीने आखूड आणि कंबर खाली जास्त रुंदावत जाणारी असते. तुमच्या पट्ट्याला दर बाजूला वर-खाली दोन पट्ट्या असतील तर तिच्यासाठी वरची आवळून खालची जरा सैल सोडा, म्हणजे पट्टा कमरेच्या आकारात बसतो. छातीचा पट्टा तिला आरामदायी वाटेल तिथे, बहुधा तुमच्यापेक्षा वर. मात्र दोघांनी एकच सॅक आलटून पालटून वापरायची ठरवली तर दर वेळी खांद्याचे पट्टे सरकवावे लागतील. मार्कर पेनने फ्रेमवर दोघांच्या खुणा करून ठेवा.

टेपने आलेलं माप, पट्टे आत्ता कुठल्या टप्प्यावर आहेत ते, आणि भरलेल्या सॅकचा बाजूने काढलेला एक फोटो टाका. पट्टा मोठा आहे की सॅकची पाठ आखूड, की दोन्ही, ते त्यावरून सांगता येईल.