पोहता येत नाही, राफ्टमधून पडलो तर काय होईल?

तुम्ही लिहिलंय की मित्रांचा ग्रुप एक दिवसाच्या राफ्टिंगला चाललाय, डोंगरातली नदी आहे, खोल दरीतून जाते, गाईड सोबत असणार, पण तुम्हाला पोहता येत नाही आणि पडलो तर काय या विचाराने झोप उडालीये, आणि नाही म्हटलं तर सगळे चिडवतील तेही आहेच. आधी उत्तर देतो, मग पाल्हाळ लावतो. नदी ग्रेड ३ पर्यंतची (पाणी किती खवळलेलं ते सांगणारे १ ते ६ ग्रेड असतात, ३ म्हणजे मध्यम) असेल आणि नेणारी माणसं धड असतील तर खुशाल जा, पोहता न येणारे कितीतरी लोक जातात आणि व्यवस्थित परत येतात. फक्त 'पडलो तर' असा विचार करत बसण्यापेक्षा 'पडणारच आहे' असं धरून जा, म्हणजे पडल्यावर काय करायचं ते गाईड काठावर सांगत असतो तेव्हा तुम्ही नीट ऐकाल. बाकीचे त्यावेळी फोटो काढत असतात.

मी पडलोय म्हणून सांगतोय. आणि मला पोहता येतं बरं का, लहानपणापासून येतं, त्याच मस्तीत मी गाईडचं अर्धं बोलणं कानाआड केलं. तिसरा की चौथा रॅपिड (दगडांमधून पाणी खवळून धावतं तो टप्पा) होता, समोरून लाट अंगावर आली तशी मी घाबरून वल्हं पाण्यातून वर काढलं आणि पुढच्याच हिसक्याला मी बाहेर. चष्मा तेव्हाच गेला. पाणी वितळलेल्या बर्फाचं, श्वासच अडकला, आणि जरा भान आलं तर काय दिसतं, काठ अगदी हाताशी, पाणी जेमतेम कमरेएवढं. मग काय, सरळ उभा राहायला गेलो. पाय दोन दगडांच्या फटीत गेला आणि मागून पाण्याने असं ढकललं की मी तोंडावर पालथा. एक दोन सेकंदच, पाय सुटला, नडगी सोलवटली फक्त. गाईड घसा फोडून ओरडत होता, पाय वर, पाय वर. तेच त्याने काठावर सांगितलेलं.

तर तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या प्रसंगात आहे. राफ्टमधून पडणं सहसा निभावून जातं, पण वाहत्या पाण्यात उभं राहायला गेलात की गाडी बिघडते. पाय फटीत अडकला आणि प्रवाह पाठीवर आला तर माणूस पुढे वाकतो, मग सरळ होणं ताकदवान माणसालाही जमत नाही, आणि यासाठी पाणी डोक्याएवढं लागत नाही, कमरेएवढं पुरतं. पाण्याचा जोर आपल्या अंदाजात येतच नाही. पेपरात आपण क्युसेकचे आकडे वाचतो ना, १००० क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ हजार लिटर, म्हणजे दर सेकंदाला २८ टन पाणी तुमच्यासमोरून जातंय, आणि डोंगरातल्या नदीला १००० क्युसेक म्हणजे काही फार नाही. त्यात वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. दरीत पात्र अरुंद होतं तिथे तेवढंच पाणी तेवढ्याच वेळात जायचं असतं, म्हणून ते वेगाने तरी जातं नाहीतर खोल तरी होतं, बहुतेक दोन्ही.

म्हणून पडल्यावर काय, तर पाठीवर पडून राहायचं, पाय खालच्या दिशेला म्हणजे पाणी जिकडे चाललंय तिकडे, पायाची बोटं पाण्याच्या वर दिसली पाहिजेत, गुडघे किंचित वाकलेले, म्हणजे दगड आला तर पाय आपटतील, डोकं नाही. बुड वर उचलून ठेवा, खाली दगड असतात आणि ते कुठे लागतात हे मी इथे लिहीत नाही. लाटेच्या वरच्या टोकाला तोंडावर पाणी येतं, खालच्या खळग्यात मोकळं असतं, तिथे श्वास घ्यायचा. हे सगळं पोहता न येणाऱ्याला उलट लवकर जमतं असं माझं मत आहे, कारण त्याला लाइफ जॅकेटवर भरवसा ठेवण्याशिवाय पर्यायच नसतो, आणि आमच्यासारखे शहाणे हातपाय मारत दमून जातात. 'पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही' वगैरे म्हण आहे ती डोहासाठी ठीक आहे, रॅपिडमध्ये पडून कुणी पोहायला शिकत नाही.

पहिलं मिनिट वाईट असतं हे मात्र धरून चाला. पाणी थंड असेल तर धाप लागते, छाती आवळल्यासारखी होते, ते आपोआप होतं आणि आपोआपच कमी होतं, त्या मिनिटात फक्त तोंड पाण्याबाहेर ठेवायचं आणि श्वास ताब्यात आणायचा, दोरी वगैरे नंतर. म्हणूनच थंड नदीला वेटसूट, म्हणजे अंगाची ऊब टिकवणारा घट्ट रबरी पोशाख, देतात, आणि म्हणूनच सुती कपडे नको, ते पाणी धरून ठेवतात आणि अंग गार करत राहतात.

दोरीचं सांगायचं राहिलं. राफ्टमधून किंवा काठावरून तुमच्याकडे एक पिशवी फेकतात, तिच्यात दोरी असते, पंधरा वीस मीटरची. पिशवी पकडायची नाही, दोरी पकडायची, पिशवीत अजून दोरी शिल्लक असते ती नुसती सुटत राहते. दोरी छातीशी दोन्ही हातांनी धरायची, दोरी ज्या खांद्यावरून जाईल तो खांदा ओढणाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा, आणि पाठ त्याच्याकडे, मग पाणी तोंडावर न येता तुम्ही आपोआप काठाकडे वळता. हाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही, अडकली तर सोडता आली पाहिजे. मला पहिली दोरी दिसलीच नाही, चष्मा नव्हता, शेजारून गेली. दुसरी खांद्यावर येऊन पडली.

राफ्टखाली गेलात तर? हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि विचारायला लाजतात. हात डोक्यावर घ्या, राफ्टचा तळ हाताला लागेल, एकच दिशा धरून हातांनी चालत जा, बाहेर येता. दिशा बदलत बसलात तर तिथेच घोटाळता.

आता एक गोष्ट जी उलटी आहे. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात पण नदीत पडलेलं झाड दिसलं तर ती काडी धरायला जाऊ नका! पाणी फांद्यांच्या मधून निघून जातं आणि माणूस चाळणीत अडकल्यासारखा तिथेच दाबला जातो. लांबून दिसलं तर पालथं होऊन जीव तोडून बाजूला पोहायचं, आणि टाळता येतच नसेल तर पाय पुढे करून नाही, डोकं पुढे करून जोरात त्याच्याकडे जायचं आणि अंग वर चढवायचं. ही अशी जागा जिथे पाय पुढे हा नियम मोडतो. चांगले गाईड असं झाड कुठे पडलंय ते आधीच बघून ठेवतात आणि त्या अंगाला जातच नाहीत, त्यामुळे घाबरू नका, पण माहीत असू दे.

न पडण्यासाठी काय करायचं ते खरं तर आधी सांगायला हवं होतं. पाय समोरच्या आडव्या फुगीर नळीखाली नीट खुपसून बसा, काही राफ्टला तळाला पाय घालायची जागा असते. आणि वल्हवत राहा. लाट आली की हात आपोआप थांबतात, सगळ्यांचे थांबतात, पण वल्ह्याचं पातं पाण्यात रुतलेलं असतं तेव्हा तोच तुमचा आधार असतो, हवेत धरलेलं वल्हं म्हणजे नुसती काठी. वल्ह्याच्या टोकाला टी आकाराची मूठ असते तिच्यावरून हात काढायचा नाही, तुमच्यासाठी नाही, शेजाऱ्याच्या दातांसाठी. आमच्या राफ्टमध्ये एकाचा ओठ फुटला तो नदीमुळे नाही, पुढच्याच्या मुठीमुळे. गाईड 'गेट डाउन' म्हणाला की आत खाली बसायचं आणि राफ्टच्या कडेची दोरी धरायची. 'हाय साइड' म्हणाला की जी बाजू वर उचलली जातेय तिकडे सगळ्यांनी झेपावायचं, मन उलटं सांगतं, पण राफ्ट आडवी होऊन दगडावर किंवा पाण्याच्या खड्ड्यावर चढली की वजन वरच्या बाजूला टाकलं तरच ती उलटत नाही. खड्डा म्हणजे दगडावरून पाणी खाली कोसळून परत वरच्या दिशेला वळतं ती जागा, पांढरा फेस दिसतो, त्या फेसात हवा जास्त असते म्हणून तिथे वल्हं धड पाण्याला पकडत नाही आणि जॅकेटही नेहमीएवढं तरंगवत नाही.

राफ्टमध्ये पाणी भरलं म्हणून घाबरू नका, आजकालच्या राफ्टचा तळ फुगवलेला असतो आणि कडेच्या भोकांतून पाणी आपोआप निघून जातं. हवेचे कप्पेही वेगवेगळे असतात, एक फाटला तरी बाकीचे तरंगतात.

दरीचा मुद्दा वेगळा आहे आणि तो तुम्ही मनावर घ्या. मोकळ्या नदीत नको वाटलं तर काठाला लागून चालत जाता येतं, दरीत दोन्ही बाजूंना कडे असतात, मधेच उतरतो म्हणायची सोय नसते, फोनला रेंज नसते. १८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल हा अमेरिकन संशोधक (याला एकच हात होता) लाकडी होड्या घेऊन अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या खोल दरीतून कोलोरॅडो नदी उतरला, तर ऑगस्टअखेर एका मोठ्या रॅपिडपाशी त्याच्या तिघा सोबत्यांनी हात टेकले आणि ते कडा चढून चालत निघाले. ते तिघे जिवंत परतले नाहीत, आणि रॅपिडमधून गेलेले दोन दिवसांत दरीबाहेर होते. यातून नदीच बरी असा अर्थ काढू नका, सांगायचं एवढंच की जायचं की नाही ते बसायच्या आधी ठरवा, मधल्या रॅपिडवर नाही.

आणि नदी कालचीच असते असं नाही. दरीतले बरेच रॅपिड बाजूचे ओढे दगड आणून टाकतात तिथे तयार होतात. त्याच ग्रँड कॅन्यनमधला क्रिस्टल रॅपिड आधी किरकोळ होता, १९६६ च्या डिसेंबरात बाजूच्या ओढ्याला पूर आला, दगडगोटे नदीत आले आणि तो तिथल्या सगळ्यात भीतीदायक रॅपिडांपैकी एक होऊन बसला. पाण्याच्या पातळीनेही ग्रेड बदलतो. ग्रेड १ ते ६ असतात, ३ म्हणजे मध्यम लाटा, थोडं वळणावळणाने जावं लागतं, ४ ला पाणी जोरदार आणि चुकीला जागा कमी, ५ नवख्याने नको, ६ चा विषयच सोडा. तेव्हा फोन करून 'ग्रेड किती' एवढंच विचारू नका, 'आजच्या पाण्याला ग्रेड किती' असं विचारा. बर्फाच्या नदीला दिवसभराच्या उन्हाने पाणी दुपारनंतर चढतं, किती वाजता चढतं ते उगम किती लांब त्यावर असतं, म्हणून ते सकाळी लवकर बोलावतात, उशिरा पोचून त्यांना घाई लावू नका.

फोनवर हेही विचारा की सोबत सेफ्टी कयाक (पडलेल्यांना उचलायला सोबत असणारी एकट्याची छोटी होडी) किंवा दुसरी राफ्ट असते का, आणि वयाची, वजनाची, तब्येतीची चौकशी करतात का. कुणीही या म्हणत असतील तर मी गेलो नसतो. हृदयाचा त्रास, फिट, गरोदरपण, नुकताच निखळलेला खांदा यातलं काही असेल तर लपवू नका. दम्याचा पंप असेल तर गाईडच्या कोरड्या पिशवीत द्या आणि त्याला तसं सांगा.

लाइफ जॅकेट घातल्यावर गाईड खांद्याचे पट्टे धरून वर ओढून बघतो. जॅकेट कानाशी आलं तर सैल आहे, अजून आवळून घ्या, जेवल्यानंतर तर पुन्हा आवळाच, सगळे जेवताना सैल करतात आणि विसरतात. चपला नको, मागे पट्टा असलेले किंवा बुटासारखे काहीतरी घाला, अंगठ्या घरी ठेवा.

पोहता येत नाही हे गाईडला निघायच्या आधी बाजूला घेऊन सांगा, सगळ्यांसमोर सांगायची गरज नाही. तो तुम्हाला बहुतेक मधल्या रांगेत बसवेल. पुढे बसणाऱ्याला लाटा आधी लागतात, मागचा टोकाला असल्यामुळे उडतो, मधे जरा बरं. आणि चष्मा असेल तर मागून दोरी बांधा, माझा अजून त्या नदीत आहे.