पांढरे खडे : चुनखडी की जिप्सम?

प्रश्न : शेत दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात आहे. काळ्या मातीत पांढरे खडे दिसतात. शेजारी म्हणतात, जमिनीत जिप्सम (सोडियम हटवायला टाकतात ते कॅल्शियमचं खनिज) आहेच, वेगळं टाकू नका. पण पावसाचं पाणी दोन-दोन दिवस मुरत नाही. काय करावं?

उत्तर : खड्यावर फरशी धुण्याच्या ॲसिडचे दोन थेंब टाका. फसफसला तर चुनखडी. आपल्याकडे बहुधा तीच निघते. जिप्सम फसफसत नाही. चुनखडीतही कॅल्शियम असतं, पण विम्ल (सोडियम जास्त असलेल्या अल्कधर्मी) जमिनीत ती विरघळतच नाही, म्हणून उपयोग शून्य.

आता मातीची परीक्षा. ०-२० आणि २०-४० सेंमी थरांतली वाटाण्याएवढी ढेकळं सावलीत वाळवा. काचेच्या ग्लासात पावसाचं पाणी घेऊन एकेक अलगद सोडा. ढवळू नका, ग्लासही हलवू नका. दोन तासांनी बघा, मग दुसऱ्या दिवशी. ढेकूळ फुटून तळाशी बसलं पण पाणी नितळ राहिलं, तर सेंद्रिय कर्ब कमी. भोवती दुधाळ वलय पसरलं, तर सोडियमचा त्रास : त्यानं चिकणमाती पाण्यात विखुरते. बोअरचं पाणी मात्र वापरू नका. त्यातले क्षार चिकणमाती विखुरू देत नाहीत, आणि बिघडलेली जमीनही चांगली दिसते. इथेच बहुतेक जण फसतात.

वलय दिसलं तर प्रयोगशाळेतून विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम) आणि जिप्समची गरज काढून घ्या. एकरी किती टाकायचं ते त्यावरून ठरेल, शेजाऱ्यावरून नाही. आधी जिप्सम टाकलं असेल तर तसं प्रयोगशाळेला सांगा : त्याच्या वजनात सुमारे २१ टक्के पाणी बांधलेलं असतं, मातीचा ओलावा मोजताना ते १०५ अंशांच्या भट्टीत उडतं आणि ओलावा खोटाच जास्त येतो.