इकोला दिसतं, पायथनला का दिसत नाही?

प्रश्न: उबुंटूवर टर्मिनलमध्ये डीबी_होस्ट=लोकलहोस्ट असं टाकलं, इको करून बघितलं तर व्हॅल्यू बरोबर येतेय. पण तिथूनच पायथनची स्क्रिप्ट चालवली की कीएरर, म्हणजे त्याला हे नावच सापडत नाही. मग तीच ओळ सेट.एसएच नावाच्या फाइलमध्ये टाकून ती रन केली, तरी तेच. डोकं आउट झालंय.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: पायथनला कशाला शिव्या घालताय, त्याच्यापर्यंत काही पोचलेलंच नाहीये. तुम्ही टाकलं ते फक्त बॅशचं, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड घेणाऱ्या शेलचं, स्वतःचं व्हेरिएबल झालं. आणि इकोची साक्ष इथे चालत नाही, कारण डॉलरवालं नाव बॅशच आधी भरून टाकतो आणि इकोला नुसता तयार शब्द मिळतो. खरं बघायचं तर प्रिंटएन्व्ह डीबी_होस्ट करा, तो वेगळा प्रोग्रॅम आहे, त्याला जे दिसेल तेच पायथनला दिसणार. डीबी_होस्टच्या ओळीच्या सुरुवातीला एक्सपोर्ट लावा, काम झालं. एकदाच हवं असेल तर डीबी_होस्ट=लोकलहोस्ट आणि पायथनची कमांड एकाच ओळीत, मध्ये फक्त स्पेस देऊन, पाठोपाठ लिहा, एक्सपोर्टही नको.

सेट.एसएचचं दुखणं वेगळं. ती फाइल रन केली की नवीन बॅश उघडतो, व्हेरिएबल त्याच्यात सेट होतं आणि तो बंद झाला की सगळं त्याच्याबरोबर जातं. एन्व्हायर्नमेंट (प्रोग्रॅमला सुरू होताना मिळणारी व्हेरिएबलची यादी) म्हणजे बापाने, म्हणजे सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने, पोराला सुरुवातीलाच दिलेली झेरॉक्स, पोराने त्यावर काहीही खरडलं तरी बापाच्या कॉपीत उमटत नाही. म्हणून फाइलमध्ये एक्सपोर्ट लिहा आणि ती सोर्स कमांडने चालवा, म्हणजे ओळी तुमच्या चालू शेलमध्येच चालतात.

आता पुढचा खड्डा सांगून ठेवतो, यात भलेभले पडतात. पायथनमधून सबप्रोसेस.रनने दुसरा प्रोग्रॅम चालवताना एन्व्ह या पॅरामीटरमध्ये तुमचं एकच व्हेरिएबल दिलंत तर ते जुन्यात मिसळत नाही, अख्खं एन्व्हायर्नमेंटच बदलतं, पाथ (प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्या फोल्डरांची यादी) गेला, होम गेलं, सगळं गेलं. गंमत म्हणजे एलएस वगैरे तरीही चालतं, कारण पाथ नसेल तर पायथन /बिन आणि /यूएसआर/बिन मध्ये शोधतो, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही आणि होम फोल्डरमधलं टूल मात्र सापडत नाही. आधी ओएस.एन्व्हायरॉनची, म्हणजे पायथनला मिळालेल्या एन्व्हायर्नमेंटची, कॉपी घ्या, तिच्यात भर घाला, ती द्या.

सुडो (अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणारा) बहुतेक व्हेरिएबल मुद्दाम काढून टाकतो. क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) तर तुमचं बॅशआरसी, म्हणजे बॅशच्या सेटिंगची फाइल, वाचतच नाही, तिथे क्रॉनटॅब या त्याच्या कामांच्या यादीतच वर व्हेरिएबल लिहा.

आणि आधीच चालू असलेल्या सर्व्हरला एक्सपोर्ट करून काही कळत नाही हो, रीस्टार्टच करा. त्याला सुरू होताना काय मिळालं होतं ते /प्रोक मधल्या त्याच्या पीआयडीच्या (प्रोसेसच्या नंबरच्या) फोल्डरात एन्व्हायरॉन फाइलमध्ये दिसेल, पासवर्ड ठेवला असेल तर तोसुद्धा.