लाइव्ह स्ट्रीमिंग, वेबकास्ट आणि व्हिडिओ कॉल यांत फरक काय? घरचं कार्य परदेशातल्या नातेवाइकांना दाखवायचं तर सुरुवात कुठून करू?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही विचारलंय, "लाइव्ह म्हणजे तिकडे त्याच क्षणी दिसणार ना?" नाही दिसणार. या एका गोष्टीवरून २०२२ पासून मी आणि माझा थोरला भाऊ एकमेकांशी धड बोललेलो नाही, म्हणून उत्तर जरा लांबेल.

मी नाशिकरोडला वीस वर्षं केबलचा धंदा केला. गणपतीची मिरवणूक आमच्या लोकल चॅनलवर थेट दाखवायचो. केबलमध्ये एकच सिग्नल सगळ्या घरांत जातो, दहा घरं असोत की हजार. इंटरनेटवर तसं नसतं. तिथे बघणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र प्रत पाठवावी लागते. चांद्रयान ३ उतरलं त्या संध्याकाळी, २३ ऑगस्ट २०२३ ला, इस्रोच्या यूट्यूब चॅनलवर एकाच वेळी ८० लाखांच्या वर लोक होते. म्हणजे तितक्या प्रती एकाच वेळी निघत होत्या. त्या इस्रोने काढल्या नाहीत, यूट्यूबच्या ठिकठिकाणच्या सर्व्हरनी काढल्या. तुम्हालाही तुमच्याकडून वर एकदाच पाठवायचं असतं, पुढची वाटणी ते करतात. स्ट्रीमिंग ही पद्धत झाली: पूर्ण फाइल उतरायची वाट न बघता येईल तसं बघायचं. त्या पद्धतीने एखादा कार्यक्रम एका जागेवरून अनेकांना दाखवला की ते वेबकास्ट. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाची सुनावणी २७ सप्टेंबर २०२२ पासून दाखवतात, तेही वेबकास्टच. व्याख्येचं एवढं पुरे.

आता उशीर. क्रिकेटची मॅच फोनवर बघताना शेजारच्या घरातून आधी आरडाओरडा येतो आणि आपल्याकडे बॉलर अजून रनअप घेत असतो, हे तुम्ही अनुभवलं असेलच. चित्र आधी दाबून लहान करावं लागतं, मग ते वर चढतं. तिथे सर्व्हर त्याच्या भारी, मध्यम, हलक्या अशा आवृत्त्या करतो, कारण कुणाकडे फायबर आहे तर कुणाकडे एकच काडी. मग त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडतो. ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत आज सहा सेकंदांचा तुकडा धरतात. बघणाऱ्याचा फोन असे दोन-तीन तुकडे हाताशी साठवून मगच चित्र सुरू करतो. ती साठवण म्हणजेच बफर. मधेच नेट अडखळलं तर साठ्यातलं दाखवत राहता यावं म्हणून तो असतो. सगळं धरून वीस-तीस सेकंद कुठेच गेले नाहीत. उशीर कमी ठेवायची सोय यूट्यूबवर आहे, पण उशीर कमी केला की साठाही कमी होतो आणि चित्र जास्त वेळा अडकतं.

व्हिडिओ कॉलचं याच्या बरोबर उलट. त्याला वेळ महत्त्वाचा. पाठवलेलं वाटेत हरवलं तर तो सोडून देतो, चित्र फाटलं तर फाटू देतो, पण मागे राहत नाही. एकाला वेळ हवा, दुसऱ्याला चित्र. हा फरक मी दादाला किमान पन्नास वेळा समजावला असेल.

जून २०२२ मध्ये आमची आई गेली. धाकटी बहीण, तिला आम्ही छोटी म्हणतो, टोरांटोजवळ असते. तिला सातवा महिना होता, डॉक्टरांनी विमानप्रवासाला नाही म्हणून सांगितलं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "भाऊ, मला दहाव्याला आईच्या पिंडाला कावळा शिवलेला बघायचाय." दादा म्हणाला, व्हिडिओ कॉल लाव. पण बघायला ती एकटी नव्हती. पुण्याची मावशी, सुरतची माणसं, आईच्या शाळेतल्या तीन मैत्रिणी, सगळे मिळून चाळीसेक जण. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर तेव्हा ८ माणसं बसायची (आता ३२ बसतात). म्हणून मी यूट्यूबवर लाइव्ह करायचं ठरवलं.

आदल्या दिवशी सकाळी नऊला, म्हणजे विधीच्याच वेळेला, मी रामकुंडावर जाऊन नेट मोजून आलो. ही गोष्ट कुणी करत नाही आणि नंतर कॅमेऱ्याला दोष देतात. स्पीड टेस्टमधला डाउनलोडचा आकडा इथे कामाचा नाही, अपलोडचा, म्हणजे आपल्याकडून वर जायच्या वेगाचा बघायचा. मला अपलोड सहा एमबीपीएस मिळाला. त्याच्या निम्म्याच्या आत राहायचं म्हणून चित्राचा दर्जा ७२०पी आणि वेग अडीच एमबीपीएस ठेवला. तासाला सव्वा जीबीच्या आत भागतं. भाच्याचा आग्रह होता की त्याचा फोर-के कॅमेरा लावू. मी नको म्हटलं. त्याऐवजी वायरवाला कॉलर माइक घेतला आणि गुरुजींना विचारून त्यांच्या उपरण्याला लावला. घाटावर दहा ठिकाणी दहा दहावे चालू असतात, मंत्र एकमेकांत मिसळतात. लांबून धरलेल्या फोनला त्यातलं काही वेगळं ऐकू येत नाही.

पिंड ठेवले, आम्ही सगळे मागे सरलो. कावळे होते, होळकर पुलाच्या बाजूला चार-पाच बसलेले, पण एकही येईना. पंधरा मिनिटं गेली. मावसभाऊ म्हणाला नातवाचं नाव घ्या, घेतलं. घराचं नाव घेतलं. गुरुजींनी दर्भ काढले, दर्भाचा कावळा करायला घेणार तेवढ्यात दादा पुढे झाला. ओलं धोतर, हात जोडलेले. गुरुजींच्या अगदी शेजारी उभा राहून हळू म्हणाला, "आई, छोटीचं माहेर तुटू देणार नाही. माझा शब्द." आणि एक कावळा खाली उतरला, दोन उड्या मारल्या आणि चोच लावून गेला.

तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेले. छोटीच्या पुढ्यात लॅपटॉपवर आमचं लाइव्ह, आणि कानाला साधा फोन. त्यावर आमचे मामा. घाटावरून मामा ओरडले, "शिवला गं, शिवला!" तिच्या पडद्यावर पिंड तसेच होते. कावळा नव्हता. दादा अजून पुढेही झालेला नव्हता. तिला वाटलं मामा समाधानासाठी खोटं बोलतायत, नाहीतर चित्र अडकलंय. तिने घाईघाईत पान रिफ्रेश केलं.

रिफ्रेश केलं की प्लेअर हाताशी साठवलेलं टाकून देतो आणि सर्व्हरकडे असलेल्या सगळ्यात ताज्या तुकड्यांपासून पुन्हा सुरू होतो. पान उघडायला लागलेला वेळ आणि मधला साठा, दोन्हीत मिळून कावळा निघून गेला होता. तिला दिसलं ते ताम्हण उचलणारे हात. फोनवर ती जे रडली ते मामांनी स्पीकरवर टाकलं आणि सगळ्या घाटाने ऐकलं.

दादा तिथेच मला म्हणाला, "तुझ्या यंत्राच्या नादापायी तिला आईचा कावळा दिसला नाही." आजही प्रत्येक लग्नकार्यात, चार माणसांत, हेच वाक्य असतं. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे. प्रक्षेपण एक सेकंदही तुटलेलं नव्हतं. लाइव्हच्या जोडीला फोन चालू ठेवणं ही चूक होती. एका डोळ्याला आत्ताचं आणि दुसऱ्याला अर्ध्या मिनिटापूर्वीचं दाखवलं तर कुणीही गोंधळेल. म्हणून तुम्हाला सांगतो, लाइव्ह लावलं की बघणाऱ्यांना आधीच बजावा: घटनास्थळी कुणाला फोन लावायचा नाही, ग्रुपवर "झालं, झालं" असं टाकायचं नाही, चित्र थांबलं तर रिफ्रेश करायचं नाही. खालची रेघ मागे ओढली की निसटलेलं दिसतं.

हे मी छोटीला आधी सांगितलं नव्हतं. वीस वर्षं हाच धंदा करून सांगितलं नव्हतं, तेवढा दोष माझा, आणि तो मी दादासमोरही कबूल केलाय. एकाच माणसाला दाखवायचं असेल तर सरळ व्हिडिओ कॉल करा, हेही खरं. पण कॉल संपला की मागे आपोआप काही उरत नाही. शिवाय कॉलची ॲप आजूबाजूचा गोंगाट कापायला बघतात आणि त्यात हळू बोललेलंही जातं. पिंडापुढचं दादाचं ते वाक्य कॉलवर तिला ऐकू आलं असतं असं मला वाटत नाही.

राहिलेल्या गोष्टी भराभर सांगतो. यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला खात्याची फोनवरून पडताळणी लागते आणि परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे आदल्या रात्री जागं होऊन उपयोग नाही. थेट मोबाइल ॲपमधून करायचं तर चॅनलला किमान ५० सबस्क्रायबर हवेत. आमच्या केबलचं जुनं खातं होतं म्हणून निभावलं. तुमच्याकडे नसतील तर लॅपटॉपवर ओबीएस हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका, त्याला ही अट नाही. लिंक 'अनलिस्टेड' ठेवा, घरच्या गोष्टी शोधात यायला नकोत. पण लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला दिसते, हेही ध्यानात असू द्या. लग्न असेल तर बँडवर सिनेमाची गाणी वाजली की कॉपीराइटवरून प्रक्षेपण मधेच बंद पडू शकतं. फोन स्टँडवर, पॉवर बँक जोडलेली, आणि त्या फोनच्या सिमवर कुणाचा कॉल येणार नाही असं बघा. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी घाटावरून मोबाइल नेटवर लाइव्ह करायचा विचार असेल तर सोडून द्या. एका टॉवरवर लाखो माणसं असली की अपलोड आधी मरतं. आणि कार्य दुःखाचं असेल तर कॅमेरा लावण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा. मी गुरुजींना विचारलं, दादाला विचारलं नव्हतं.

लाइव्ह संपल्यावर यूट्यूबने रेकॉर्डिंग आपोआप ठेवलं. तिच्या सकाळी, म्हणजे आपल्या संध्याकाळी, छोटीने ते लावलं. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला दादा पुढे येतो. शब्द न शब्द स्पष्ट आहे, मागे नदीचं पाणीही ऐकू येतं. तिने तो भाग किती वेळा बघितला ते मी विचारलं नाही. आता मुलगा मोठा होतोय, त्याला दाखवते, ही आजी, हा मोठा मामा.

दादाने ते अजून बघितलेलं नाही. लिंक त्याच्या व्हॉट्सॲपवर त्याच दिवशी पाठवलेली आहे.